अंगावर काढलेलं रक्त

या खेपेचं संपादकीय मी रक्तावर लिहितेय. गावात ठेचून मारलेल्या पोराच्या रक्तावर, गोळीबारात सांडलेल्या रक्तावर आपण पुष्कळ लिहिलं, पुढेही लिहू. हे रक्त वेगळं. पाळीचंही नव्हे. पुरुषाशी संबंध आल्यावर बाईच्या अंगावरून जातं ते रक्त. चादरीवर डाग पडतो. बाई सगळ्यांच्या आधी उठते, मोरीत चादर पिळते, वाळत घालते आणि गप्प बसते. महिना, सहा महिने, दोन दोन वर्षं. आपल्या भाषेत त्याला फार नेमका शब्द आहे, अंगावर काढणं.

चळवळीच्या मासिकात हे कशाला, असं कुणीतरी म्हणणारच. बहुतेक तो आपल्यातलाच असेल आणि बहुतेक बाप्याच असेल. त्याच्यासाठी एवढंच सांगते. १९३४ साली मुंबईत र. धों. कर्व्यांवर त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकासाठी अश्लीलतेचा खटला चालला. वाचक लैंगिक प्रश्न विचारायचे, कर्वे उघड उत्तरं छापायचे, हा गुन्हा. तेव्हा त्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं होतं. खटला हरले, पण उभे राहिले. आज बाबासाहेबांचा फोटो लावलेल्या घरात बाईला 'मला तिथून रक्त येतं' हे चार शब्द बोलता येत नाहीत, याची लाज कुणी बाळगायची ते तुम्हीच ठरवा.

विटाळ या शब्दाचा अर्थ आपल्याला कुणा पंडितानं समजवायची गरज नाही. आज्याच्या सावलीला लावला तोच शब्द, आजीच्या रक्तालाही लावला तोच. पहिला आपण लाथेनं उडवला. दुसरा तसाच घरात पडून आहे, मोरीच्या कोपऱ्यात.

आणि या समाजाचं रक्ताचं गणित बघा. लग्नाच्या पहिल्या रात्री रक्त आलं पाहिजे. नाही आलं तर पोरगी खोटी. कंजारभाट समाजात पांढऱ्या चादरीवर डाग शोधायचा जातपंचायतीचा रिवाज होता. त्याविरुद्ध २०१७-१८ साली त्याच समाजातली पोरं-पोरी उठली, मार खाल्ला, बहिष्कार सोसला, पण मागं हटली नाहीत. त्यांना आपला सलाम. पण त्या एका समाजाकडे बोट दाखवून बाकीच्यांनी साळसूद बनू नये. चादर न अंथरता हाच हिशोब मनात मांडणारे घरोघरी आहेत. शास्त्र सांगतं, पहिल्या वेळी कितीतरी पोरींना थेंबसुद्धा रक्त येत नाही. तिथला पडदा कुणाचा सैल, कुणाचा लवचिक, कुणाचा नावालाच. त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. म्हणजे पहिल्या रात्री आलं नाही तर बाई वाईट. आणि तीच बाई चाळिशीला आली, संबंधानंतर रक्त यायला लागलं, की 'कुठं शेण खाल्लंस?' दोन्हीकडून वाईट बाईच. च्यायला, हे कसलं गणित!

आता मुद्द्याचं. मी डॉक्टर नाही. वस्तीतल्या बायांबरोबर ओपीडीच्या रांगेत उभी राहून राहून, डॉक्टरणींना विचारून विचारून जे पक्कं समजलं तेच इथं मांडतेय.

गर्भाची पिशवी खाली निमुळती होत जाते आणि तिचं तोंड योनीत उघडतं. डॉक्टर त्याला गर्भाशयमुख म्हणतात, बाया पिशवीचं तोंड म्हणतात, मीही तेच म्हणते. संबंधानंतर येणारं रक्त बऱ्याच वेळा या तोंडावरून येतं, नाहीतर योनीच्या कातडीतून. आणि पहिली गोष्ट ही की बहुतेक बायांच्या बाबतीत त्याचं कारण कॅन्सर नसतं. हे आधी सांगायला पाहिजे, कारण भीतीनंही माणूस दवाखान्यात जात नाही.

तरुण पोरींमध्ये, गर्भारपणात, पाळणा लांबवायच्या गोळ्या घेणाऱ्या बायांमध्ये पिशवीच्या आतलं नाजूक अस्तर तोंडावर थोडं बाहेर आलेलं असतं. लालभडक दिसतं, धक्का लागला की ठिपकतं. हा रोग नव्हे, शरीराची एक अवस्था. पण नाक्यावरचा डॉक्टर डोळे मोठे करून सांगतो, 'पिशवीला जखम आहे.' बाई अर्धी तिथंच मरते. उरलेली अर्धी पुढच्या बिलानं. तपासणीत दुसरं काही नाही असं दिसलं तर या लालीला बहुधा काहीच करावं लागत नाही.

दुसरं कारण, संसर्ग. क्लॅमिडिया, परमा, ट्रायकोमोनास. नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल. पिशवीचं तोंड सुजतं, वास येणारं पांढरं-पिवळं जातं, लघवीला जळजळ होते, ओटीपोटात दुखतं. कधी यातलं काहीच होत नाही, फक्त रक्त दिसतं. योग्य गोळ्यांनी हे बरं होतं. पण अंगावर काढलं तर संसर्ग वर नळ्यांपर्यंत चढतो, पुढं मूल राहायला त्रास होतो आणि मग 'वांझ' म्हणून परत तिलाच. इथं बाप्यांनी कान उघडे ठेवून वाचावं. पुरुषाला हा संसर्ग असतो आणि कित्येकदा त्याला पत्ताही नसतो. औषध दोघांनी एकाच वेळी घ्यावं लागतं. ती एकटी गोळ्या खाते, हा 'मला काय धाड भरलीय' म्हणतो, आणि महिन्याभरात तोच रोग तिला परत देतो. असले नमुने मी पाहिलेत. मोर्चात सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच असतो.

पिशवीच्या तोंडाशी कधी बारीकसा कोंब लोंबतो, त्याला पॉलिप म्हणतात. बहुतेक निरुपद्रवी असतो. ओपीडीतच काढता येतो, काढलेला तुकडा तपासायला पाठवायचा. बाळ अंगावर पीत असलेल्या आणि पाळी गेलेल्या बायांची योनीची कातडी पातळ, कोरडी पडते, घासलं की रक्त येतं. त्याला मलम आहे, वंगण आहे. तांबी बसवलेल्या, नाहीतर गोळ्या-इंजेक्शन घेणाऱ्या बाईला मधूनच डाग पडतात, ते नेमके संबंधानंतर दिसले तर घोटाळा होतो.

आणि जबरदस्ती. हे कारण केस पेपरवर फारसं येत नाही. दारू ढोसून आलेल्या नवऱ्याला बायकोची मर्जी म्हणजे काय ते ठाऊक नसतं. मग फाटतं, रक्त येतं. फाटलेलं खोल असेल तर टाके घालावे लागतात, घरी फडकं लावून भागत नाही. आपला कायदा सज्ञान बायकोवरच्या अशा जबरदस्तीला अजून बलात्कार म्हणत नाही, पण घरगुती हिंसाचार म्हणतो. आणि बलात्कार झालेल्या बाईला पहिले उपचार फुकट द्यायला कुठलंही इस्पितळ, सरकारी असो की खाजगी, नाही म्हणू शकत नाही. हा कायदा २०१३ पासून आहे. आधी पोलीस, मग डॉक्टर, असं कुणी म्हणालं तर त्याला हे ऐकवा.

आता कॅन्सर. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होतो तो बहुतेक सगळा एचपीव्ही नावाच्या विषाणूनं. हा विषाणू इतका सर्वत्र आहे की संबंध येणाऱ्या बहुतेक बाया-बाप्यांना आयुष्यात कधी ना कधी लागतोच. बहुतेकांचा दोनेक वर्षांत आपोआप जातो. काहींच्या शरीरात ठाण मांडतो आणि कॅन्सर व्हायला मग दहा-पंधरा-वीस वर्षं घेतो. तेव्हा आज कुणाला हा आजार निघाला म्हणून तिच्या, नाहीतर तिच्या नवऱ्याच्या, चालचलणुकीचा पंचनामा करत बसू नये. एकाच पुरुषाबरोबर जन्म काढलेल्या बाईलाही तो होतो. एचआयव्ही असलेल्या बाईला धोका सहापट, आणि रोग चालही भराभर करतो. संबंधानंतरचं रक्त हे या कॅन्सरचं ओळखीचं लक्षण. सोबत घाण वासाचं पाणी जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त, पाळी गेल्यावर परत रक्त, कंबर-ओटीपोट सारखं दुखणं. दुखायला लागतं ते बरेचदा उशिरा. रक्त आधी सांगत असतं.

आमच्या गल्लीत एक मावशी होती. म्युनिसिपालिटीत झाडूवाली. पाळी जाऊन पाच वर्षं झाली आणि डाग यायला लागले. आधी संबंधानंतर, मग असेच. सुनेला सांगायची लाज, मुलाला तर नाहीच. नवऱ्यानं तर संशयच घेतला. शेवटी एका खाजगी डॉक्टरकडे गेली. त्यानं लांबून विचारलं, लांबूनच लिहून दिलं, लोहाच्या गोळ्या आणि पांढऱ्या पाण्यावरचं काहीतरी. अंगाला हात नाही, आतून तपासणी नाही. असं वर्ष गेलं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, 'ह्या वयात असलं काय सांगायचं गं बाई? लोकं हसत्याल.' लोक हसले नसते. पण मोठ्या इस्पितळात नेली तोवर पाऊण काम रोगानं उरकलं होतं. लाईट घेतली, म्हणजे रेडिएशन. गेली. आयुष्यभर मुंबईची घाण उचलली. तिच्या अंगाकडे नीट बघायला मात्र डॉक्टरला पाच मिनिटं नव्हती.

लोकांना वाटतं हे नशिबाचे खेळ. नशीब कसलं! वर्षाला सव्वा लाखाच्या वर बायांना या देशात हा कॅन्सर होतो, ऐंशी हजाराच्या आसपास मरतात. २०२२ चा जागतिक अंदाज आहे. आणि ज्याची सगळ्यात आधी चाहूल घेता येते अशा मोजक्या कॅन्सरांपैकी हा एक. ही चाहूल कशी घ्यायची हे जगाला शिकवलं कुणी? मुंबईच्या झोपडपट्टीतल्या बायांनी. १९९८ पासून टाटा इस्पितळानं मुंबईच्या वस्त्यांत दीड लाख बायांवर मोठा प्रयोग केला. दहावीपर्यंत शिकलेल्या, डॉक्टर नसलेल्या बायांना तयार केलं. त्या पिशवीच्या तोंडाला ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, लावायच्या आणि मिनिटभरानं पांढरा डाग उठतो का ते बघायच्या. डाग उठला की पुढची तपासणी. दर दोन वर्षांनी एकदा. २०१३ साली निकाल जाहीर झाला. तपासलेल्या वस्त्यांत या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. सगळ्या जगात वाहवा झाली. पण अर्ध्या वस्त्या तुलनेसाठी ठेवल्या होत्या. तिथल्या बायांना प्रयोगात फक्त माहिती दिली, तपासणी नाही. त्यांच्यात किती मेल्या ते मोजून मग टक्के निघाले. उस्मानाबादच्या खेड्यांतही असाच प्रयोग झाला, एचपीव्हीच्या तपासणीचा. तिथंही तुलनेचा गट विनातपासणीचाच. प्रयोग करणाऱ्यांचं म्हणणं, या देशात तसंही तपासणी कुणाला मिळतच नाही, तुलनेचा गट तोच. म्हणणं खरं आहे, तेच तर भयंकर आहे. त्यावर पुष्कळ वाद झाला. वाद व्हायलाच पाहिजे होता.

मग आमच्या बायांच्या अंगावर सिद्ध झालेली तपासणी आमच्या बायांपर्यंत आली का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, तिशी ते पन्नाशीच्या शंभर बायांत दोघींचीसुद्धा कधी ही तपासणी झालेली नव्हती.

हे इथलंच आहे असंही नाही. ब्लॅक पँथरची नावं तोंडपाठ असणाऱ्या पोरांनी हेन्रिएटा लॅक्स हे नावही पाठ करावं. तंबाखूच्या शेतात राबलेल्या घरातली काळी बाई. पाच पोरांची आई. अंगावरून रक्त जातं म्हणून १९५१ च्या जानेवारीत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात गेली, काळ्यांच्या वेगळ्या वॉर्डात. पिशवीच्या तोंडाशी गाठ निघाली. ऑक्टोबरात ती मेली, वय ३१. तिला न विचारता तिच्या गाठीचा तुकडा घेतला होता. त्या पेशी प्रयोगशाळेत वाढतच राहिल्या, आजही वाढतायत, 'हेला' नावानं जगभर विकल्या गेल्या. पोलिओच्या लशीच्या कामात त्या वापरल्या. पुढं त्याच पेशींत एचपीव्हीचा १८ नंबरचा प्रकार सापडला. घरच्यांना वीसेक वर्षं पत्ता नव्हता. धंदा करणाऱ्या एका कंपनीनं त्यांच्याशी तडजोड केली ती २०२३ साली.

आपल्याकडे तर उलटाही धंदा चालतो. तपासायचं नाही, थेट पिशवीच काढायची. बीडच्या ऊसतोड बायांचं प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळात गाजलं. सरकारी समितीच्या पाहणीत ब्याऐंशी हजारांवर बायांपैकी तेरा हजारांहून जास्त बायांची पिशवी काढलेली निघाली. 'पांढरं जातंय, काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल' या वाक्यावर इस्पितळं चालली. तेव्हा कुणी रक्तावरून असं म्हणालं तर आधी विचारायचं, 'पिशवीच्या तोंडाची तपासणी केली का? तुकडा तपासला का? कागद दाखवा.' कॅन्सर आधी न ओळखता पिशवी काढली तर पुढचे उपचार आणखी अवघड होऊन बसतात.

तर दाखवायचं कधी? एकदाच थोडा डाग दिसला, पाळी जवळ होती, पुन्हा आला नाही, तर धास्ती घेऊ नये. पुढं कधी दवाखान्यात गेलात तर सांगा. दुसऱ्यांदा आलं की मात्र दाखवायचंच, वय विसाचं असो की साठीचं. वास येणारं जात असेल, दुखत असेल, ताप असेल, मधल्या दिवसांत रक्त येत असेल, किंवा एचआयव्ही असेल, तर पहिल्याच वेळी, दोन-चार दिवसांत. पाळी बंद होऊन वर्ष झालेल्या बाईला एक थेंब आला तरी त्याच आठवड्यात. पोटुशी बाई असेल तर त्याच दिवशी. शेवटच्या महिन्यांत वार खाली असू शकते, तिथं आधी सोनोग्राफी, मग हात. पाळी चुकलीय आणि एका बाजूला कळ येऊन चक्कर येतेय, गर्भ नळीत असू शकतो, रात्र असो की पहाट, थेट कॅज्युअल्टी. तासाला एक पॅड भिजतंय आणि दोन तास थांबत नाही, गाठी पडतायत, डोळ्यापुढं अंधारी येतेय, तेव्हाही थेट कॅज्युअल्टी. पैसे, कपडे, सासू, कशासाठी थांबायचं नाही.

ओपीडीत नेमकं काय बोलायचं तेही सांगते, कारण तिथं गेल्यावर जीभ टाळूला चिकटते. 'संबंधानंतर रक्त येतं.' बस, तीन शब्द. नुसतं 'त्रास होतो' म्हणालात तर गोळ्या हातात पडतात. केव्हापासून, किती, पाळी कधी आली, तांबी आहे का, गोळ्या चालू आहेत का, हे घरूनच कागदावर लिहून न्या. आतून बघायला बदकाच्या चोचीसारखं उपकरण असतं, स्पेक्युलम. मिनिट-दोन मिनिटांचं काम. अंग सैल सोडलं की कमी लागतं. खोलीत दुसरी बाई किंवा सिस्टर असावी असं मागता येतं, दुखलं तर थांबा म्हणता येतं. 'लग्न झालंय का?' हा प्रश्न तिरक्या डोळ्यानं आला तर सरळ सांगा, 'संबंध आहेत, तपासा.' सज्ञान बाईला तपासून घ्यायला नवऱ्याची सही लागत नाही. आणि कुणी आडनाव ऐकून, वस्तीचं नाव ऐकून तोंड वाकडं केलं, हात न लावता वाटेला लावलं, तर केस पेपर घेऊन सुपरिटेंडेंटच्या दारात बसायचं. बसायला आपल्याला शिकवावं लागत नाही.

रक्त येत नाही, सगळं ठीक आहे, अशा बाईनंही तिशीनंतर एकदा एचपीव्हीची तपासणी, ती मिळत नसेल तर पॅप किंवा ॲसिडवाली, करून घ्यावी आणि काही वर्षांनी पुन्हा. कॅन्सरच्या आधीची अवस्था सापडली तर ती जाळून, गोठवून, छोटा भाग काढून तिथंच संपवता येते. पोरींना नऊ ते चौदा या वयात लस टोचली तर सगळ्यात उपयोगी. २०२३ पासून पुण्याच्या सीरमची देशी लसही बाजारात आहे. लस टोचली तरी पुढची तपासणी सुटत नाही, आणि आत बसलेला विषाणू लशीनं मरत नाही.

शाखांना एक काम देते. पुढच्या महिन्यात प्रत्येक वस्तीत बायांची एक बैठक लावा, दार बंद करून, एखादी डॉक्टरीण नाहीतर सिस्टर बोलावून. बाप्यांची वेगळी लावा, तिथं गोळ्या दोघांनी खायच्या हे समजवा. आणि ज्यांच्या घरातली बाई जायला तयार झालीय त्या पोरांनी सकाळी सातला केस पेपरच्या रांगेत जाऊन नंबर लावावा. ती घरचा स्वैपाक आटपून, धुणीभांडी उरकून नऊला पोचते, तोवर खिडकी बंद व्हायची वेळ झालेली असते.